एक तास मिळवायचा

गुलवेन पहिल्यांदा आमच्या कचेरीत आला तेव्हा त्याच्या पाठीवर एक म्हातारी होती.

खरोखरच पाठीवर. मागे तिचा मुलगा आणि सून, कमरेपर्यंत भिजलेले. म्हातारीच्या हातातली चीजची डबी मात्र कोरडी ठणठणीत. लील शहरातून सुट्टीला आलेलं हे कुटुंब आमच्या कॅम्पिंगमध्ये बावीस नंबरच्या तंबूत उतरलं होतं. ओहोटीत वाळूवरून चालत ते बकरीबेटावर जेवायला गेले, आणि परत निघाले तर मध्ये समुद्र.

"बाहेर फळ्यावर ओहोटीची वेळ कुणी लिहिली?" म्हातारीला खुर्चीत उतरवत त्याने विचारलं.

"मी."

"बारा पाच?"

"भरती-ओहोटीच्या पुस्तकात बघून लिहिली. एक तास मिळवून."

"यंदाच्या पुस्तकात तो आधीच मिळवलाय, मादमोआझेल. पहिल्याच पानावर छापलंय."

मी पहिलं पान उघडलं. छापलं होतं. आमच्या मालकीणबाई, मादाम केर्ब्रा, यांनी मला बजावलं होतं की पुस्तकातली वेळ हिवाळ्याची असते, उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात म्हणून एक तास मिळवायचा, विसरायचं नाही. तीस वर्षं त्या तसंच करत आल्या होत्या. मी लुदेआकची, समुद्रापासून दूर वाढलेली. सांगितलं तसं केलं. माझे कान लाल झाले, एवढं आठवतं.

"रागावू नकोस रे तिला," म्हातारी म्हणाली. "मला कित्येक वर्षांत कुणी उचललं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो पुन्हा हजर. रबरी बूट, कोपरापर्यंत चिखल. किनाऱ्यावर त्याची आणि त्याच्या आईची कालवांची शेड होती. त्याने फळा वाचला, खडू उचलला आणि माझ्या आकड्यांखाली बरोबरची खूण केली.

"मी शाळेत आहे का?"

"नाही. शाळेत सुट्टी असते."

मग तो रोज यायला लागला. जुलैभर. कधी सहा कालवं ओल्या शेवाळात गुंडाळून आणायचा, सुरीने शिंपला उघडून पुढे करायचा आणि माझं तोंड कसं होतं ते बघत बसायचा. मी आधी तोंड वाकडं करायची, नंतर मुद्दाम करायला लागले... त्याला ते आवडतं म्हणून. एकदा पावसाची सर आली. आम्ही दोघं कचेरीच्या पत्र्याखाली उभे, त्याच्या बाहीचा माझ्या बाहीला स्पर्श, आणि दोघांपैकी कुणीच बाजूला सरकेना. सर थांबली तरी आम्ही तिथेच. असं दहा मिनिटं चाललं असेल. मी घड्याळ बघितलं नाही.

"पोरी, त्याच्या शेडमध्ये भरती-ओहोटीची तीन पुस्तकं आहेत," मादाम केर्ब्रा गॅसच्या टाक्या मोजता मोजता म्हणाल्या. "आणि त्याच्या आईला चौथं तोंडपाठ आहे."

"मग तो इथे काय बघायला येतो?"

"तूच सांग."

त्यांनीच मला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. आईस्क्रीमच्या गाड्यावर कामाला आलेली एक मुलगी नाताळला परत येते म्हणाली होती. गुलवेन स्टेशनवर दोन गाड्यांना जाऊन उभा राहिला. ती आली नाही. पत्रही नाही.

मी ऐकून घेतलं. मला काय त्याचं, असं मी स्वतःला म्हणाले, आणि त्या दिवशी तीन पाहुण्यांना चुकीच्या तंबूत पाठवलं.

ऑगस्टच्या मध्यावर त्याने खडूशी खेळत विचारलं, "एकतीस तारखेनंतर काय?"

मी म्हणू शकले असते की काहीच ठरलेलं नाही. पण त्याने तरी आधी काही म्हणावं, असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "काय असणार? मी हंगामी माणूस. तंबू निघाले की मीही निघाले."

"बरोबर आहे," तो म्हणाला. खडू जागेवर ठेवला आणि गेला.

त्यानंतर तो आला नाही. सलग तेरा दिवस माझे आकडे बरोबर होते आणि खाली खूण करायला कुणी नव्हतं. मला तो हवा होता. हे मला तेव्हा कळलं, खडूच्या धुळीने शिंकताना.

एकतीस तारीख उजाडली. वर्षातली मोठी ओहोटी, सगळं कॅम्पिंग बादल्या आणि खुरपी घेऊन शिंपले उकरायला तयार. माझी बस दोन दहाला. फळ्यावर मी रोजच्यासारखं लिहिलं: भरतीची वेळ, हवामान, बसची वेळ. ओहोटीच्या ओळीपाशी हात थांबला... मग लिहिलं —

ओहोटी: शेडमध्ये गुलवेनला विचारा.

मादाम केर्ब्रांनी ते वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि आत जाऊन मोठ्याने कॉफी ढवळायला लागल्या.

पावणेदोनला ट्रॅक्टर कचेरीच्या दाराशी येऊन थांबला.

"त्रेचाळीस!" गुलवेन आत शिरला. "त्रेचाळीस माणसं येऊन गेली! एका डच बाईने दोनदा विचारलं! हा काय प्रकार आहे?"

"सगळे आले," मी म्हणाले. "तेवढा तूच येत नव्हतास."

त्याच्या बुटातून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"तू हंगामी म्हणालीस."

"तू बरोबर आहे म्हणालास! थांब म्हटलं असतंस तर... गुलवेन, मला तू आवडतोस. मला जायचं नाहीये."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "आईला नाताळपर्यंत शेडमध्ये माणूस लागतं," तो म्हणाला. "थंड पाणी, हात फुटतात. जुलैपासून विचारीन म्हणतोय. पण तू नाही म्हणालीस तर... मला पुन्हा स्टेशनवर उभं राहायचं नव्हतं."

"मला कालवं उघडता येत नाहीत."

"माहीत आहे. तुझं तोंड बघितलंय."

तो बाहेर गेला. मी मागोमाग. त्याने खडू घेतला आणि ओहोटीपुढे दोन वीस लिहिलं. मग खाली बसच्या ओळीपाशी आला, दोन दहा बोटाने पुसलं आणि तिथे नीट अक्षरात लिहिलं — तीन दहा.

"अरे, असं काय करतोस! बस दोन दहालाच सुटते."

"उन्हाळ्यात एक तास मिळवायचा असतो," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं नाही?"

मी त्याच्या हातातून खडू काढून घेतला, लोकांसाठी दोन दहा परत लिहिलं आणि माझी बॅग ट्रॅक्टरवर टाकली.