आंगीचा डोह

"कि तो पे फेर? काय करतोस तू हितं?"

इंद्राणी एवढ्या जोरात खेकसली की बांबूच्या बेटातली पाणकोंबडी फडफडत पलीकडच्या काठाला पळाली. ती स्वतः कमरेएवढ्या पाण्यात, काखेत नैवेद्यासाठी कापलेली अळूची पानं. आणि समोर, विसर्जनाच्या पायऱ्यांवर, एक अनोळखी तरुण — कोपरापर्यंत पांढरा, पायाशी चुन्याची गोणी!

सुरिनाम गावच्या पोरीनं चुन्याची गोणी पाहून संतापायलाच हवं. गणपतीत मॉरिशसचं मराठी घर मासळीला शिवत नाही. पण विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुलीवर कामारों हवेतच — मोठ्या नदीतले ते निळ्या नांग्यांचे झिंगे. सरळ टोपलं लावून धरायचा कंटाळा असलेले महाभाग डोहात चुना ओततात. झिंगे गुदमरून वर येतात, यांचं टोपलं भरतं, आणि मागे अख्खा डोह मरतो. देव नदीत सोडायचा आणि नदीच मारायची! इंद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात जाई ती यासाठी.

"पायऱ्या..." तो चाचरला. "पांढऱ्या कर म्हणाली मावशी. भगवतीमावशी. मी देवराज... व्हाकोआचा."

"व्हाकोआत पाऊस पडत न्हाय? उद्या सर आली का तुझा चुना जाणार कुठं?"

देवराजनं आभाळाकडं पाहिलं, मग डोहाकडं, मग तिच्याकडं. तिच्याकडं जरा जास्तच वेळ.

"तू नेहमी एवढी रागावतेस?"

"न्हाय. कधी कधी झोपते बी."

तो हसला. मेला हसला की गालावरचा सुकलेला चुना तडकायचा. तिच्या देखत त्यानं गोणीचं तोंड बांधलं, ती बांबूत ठेवली आणि पुढच्या पायरीला कुंचला लावला नाही.

गणपती बसले आणि देवराज काही ना काही निमित्तानं रोज नदीवर दिसू लागला. "शेवाळावर टाच ठेवू नको," असं ती सांगायची आणि तो तिथंच घसरायचा. मग एका दुपारी, बारीक भुरभुर चालू असताना, तिनं त्याला डोहातली आंगी दाखवली. आंगी म्हणजे वाम. ही तर दंडाएवढी जाड, म्हातारी, दगडाखाली राहणारी. इंद्राणी लहानपणापासून तिला खाऊ घालत आलेली.

"पावाचा तुकडा पाण्यात धर. हलू नको."

"चावली तर?"

"तर ओरड. मी हसेन."

आंगी आली, अलगद तुकडा घेऊन गेली. इंद्राणीची बोटं त्याच्या मनगटावर राहिली — तो घसरू नये म्हणून, असं तिनं स्वतःला बजावलं.

"कुठून येतात ह्या?"

"समुद्रातनं. दोऱ्याएवढी पिल्लं ओल्या दगडावरनं चढत येतात. जागा आवडली का तिथंच राहतात."

"मी उतरून आलो," देवराज हळूच म्हणाला. "व्हाकोआ वर पठारावर आहे ना... पण जागा आवडली."

"लई बोलतोस!" ती म्हणाली आणि तोंड फिरवलं, कारण हसू आवरत नव्हतं.

विसर्जनाच्या सकाळी डोह दुधासारखा पांढरा होता. अळूच्या देठांत झिंग्यांची पिल्लं चिखलासारखी साचली होती, आणि त्यांच्यात आंगी... पोट वर करून. इंद्राणी बांबूकडं धावली. गोणी रिकामी.

देवराज आला तेव्हा ती रिकामी गोणी हातात घेऊन उभी होती. "गोणी तुझी!"

"हो. पण तू नको म्हणालीस म्हणून मी इथं..."

"माझ्यावर ढकलतोस? चल जा! तोंड दाखवू नको!"

तो गेला. आणि घरी मोरीपाशी तिला अळूच्या पानांनी झाकलेलं टोपलं दिसलं. पानं उचलली. खाली कामारों, शिगोशीग. शेजारी दोरीवर तिच्या बापाची, बाबूरावची विजार वाळत होती. पायांच्या काठाला चुना.

"उद्या पावणे येणार गं," बाबूराव म्हणाला. "समदेच करतात. एवढं काय त्यात?"

एवढं काय! तिनं हातातली पानं टोपल्यावर आपटली.

संध्याकाळी ढोल-झांजांच्या गजरात मिरवणूक पायऱ्यांशी आली. पाटावरचा गणपती बाबूरावच्या डोक्यावर. डोह पाहून माणसं हबकली. "त्या व्हाकोआच्या पोराचा चुना!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे देवराजकडं वळले.

"चुना माझाच," तो म्हणाला. "मीच इथं ठेवला."

बस, एवढंच. ना सफाई, ना तक्रार. इंद्राणीला त्याचाच संताप आला — असं एकट्यानं ऐकून घेतो म्हणजे काय!

"गप!" ती पायऱ्यांवर आडवी उभी राहिली. "चुना तुझा, पण ओतलाय माझ्या बानं! बा, ह्या मेल्या पाण्यात देव सोडणार तू? मी सोडू देणार न्हाय!"

ढोल थांबला. डोक्यावर देव, त्यामुळं बाबूरावला मान खाली घालायचीही सोय नव्हती. मग त्यानं पावलं वरच्या अंगाला वळवली.

धबधब्याच्या वर पाणी जिवंत होतं. तिथं देव सोडला. आता रिकाम्या पाटावर नदीची मूठभर वाळू घरी न्यायची. ती नेतो घरचा पुरुष, दर वर्षी बाबूराव. त्यानं हात पुढं केले, स्वतःच्याच हातांकडं पाहिलं आणि मागं घेतले.

इंद्राणीनं वाकून वाळू काढली, पाटावर ठेवली आणि पाट देवराजच्या छातीशी टेकवला.

"धर. सकाळी बोलले ते चुकलं."

"पण हा तर... घरचा माणूस नेतो ना?"

"मला ठाऊक न्हाय होय?" ती कडाडली. तिचे कान लाल झाले होते. "आणि घसरलास तर बघ!"

बाबूराव बाजूला सरकला आणि वाट मोकळी करून दिली. देवराज पाट सांभाळत, शेवाळावर टाच न ठेवता, तिच्या मागून तिच्या घराकडं चालू लागला.