पहिली बी कुणी फोडायची

"उद्या पहिली बी रेम्या फोडेल, चेची," प्रसन्नन म्हणाला आणि मासळीच्या तांबड्या कालवणात भात कालवू लागला, जणू काही विशेष बोललाच नव्हता.

ओमनाच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. रविवारची दुपार होती, भाऊ आणि भावजय जेवायला बसले होते, आणि ती वाढायला उभी होती. रेम्यानं मान वर केली नाही... ती आपली ताटातल्या भाताकडे बघत राहिली. म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं. नवराबायकोचं आपसात ठरलं होतं, आणि जिनं घरचा काजूचा कारखाना छातीशी धरून जगवला तिला ते आता, कालवण वाढता वाढता, कळत होतं.

"बरं," ओमना म्हणाली. "आणखी घे. मीठ बेताचं आहे ना?"

पहिली बी म्हणजे काय, ते आमच्या कोल्लमच्या काजू कारखान्यांत वाढलेल्यालाच कळेल. रोज सकाळी शेडमध्ये बायका आपापल्या दगडापुढे बसत, हातांना राख चोळत, हातोडी मांडीवर ठेवत, आणि वाट बघत. कारखान्याच्या घरची बाई यायची, आपल्या दगडावर भाजलेली एक बी फोडायची, अख्खा गर तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवायची, आणि मग कुठे शेडभर टकटक सुरू व्हायची. त्याआधी कुणी हातोडी उचलली तर दिवसभर गरांचे तुकडे पडतात, अशी ठाम समजूत. ओमनाची आई होती तोवर तो मान आईचा होता. आई गेली, तिच्यामागं वडीलही गेले, आणि त्या दगडापुढे ओमना बसली.

तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा दूर भिलाईला नोकरीला, आणि प्रसन्नन चड्डीतला शाळकरी पोर. याला कुणाच्या पदरात टाकून येऊ, असं तिनं विचारून पाठवलं. पलीकडून उत्तर आलं नाही ते आलंच नाही. मग तिनंही ते मनातून काढून टाकलं, निदान लोकांना तसं दाखवलं. टरफलातल्या तेलानं तिची बोटं काळी पडली, सोलपटली, पुन्हा काळी पडली, आणि त्याच बोटांनी तिनं भावाला भरवलं, शिकवलं, बोहल्यावर उभं केलं. शेडमधल्या, तिच्याहून वयानं थोर असलेल्या बायकाही तिला चेचीच म्हणत, म्हणजे थोरली बहीण. तेवढीच काय ती तिची कमाई.

आणि ही रेम्या... पाच वर्षांपूर्वी कोचीहून शिकून-सवरून या घरात आली, आणि गेलं वर्षभर तिचं एकच टुमणं होतं. भाजायची भट्टी बंद करू, बिया वाफेवर शिजवू, पायानं दाबायची कातरयंत्रं आणू, हातमोजे देऊ. धूर नको, राख नको. अखेर यंत्रं येऊन शेडमध्ये बसली होती, आणि या सोमवारपासून काम त्यांच्यावरच व्हायचं होतं. बरोबर होतं तिचं. ओमनाला ते कळत होतं आणि तेच जास्त झोंबत होतं. मेली एकदा तरी चुकली असती तर बरं झालं असतं!

हल्ली प्रसन्ननचं प्रत्येक बोलणं "रेम्या म्हणते" नं सुरू व्हायचं. पूर्वी ते "चेची म्हणते" नं व्हायचं. शेडमधल्या तरण्या पोरी रेम्याच्या साडीची तारीफ करायच्या तेव्हा ओमना मुद्दाम त्यांच्या टोपल्यांतले तुकडे मोजायला लागायची. अगं, वय काय तुझं, मत्सर कुणाचा करतेस, असं ती स्वतःलाच दटावायची... आणि पुन्हा करायची.

सोमवारी सकाळी ती शेडकडे न जाता देवळाच्या वाटेला लागली. वाटेत नबीसा भेटली. ही नबीसा म्हणजे शेडमधली सगळ्यात तिखट जीभ, आणि सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघून वागणाऱ्या.

"चेची, शेड इकडं राहिली," नबीसा म्हणाली. "आज पहिली बी काय तुमचा देव फोडणार आहे?"

"मला काय विचारतेस? मला कुणी विचारलं नाही."

एवढंच बोलली ओमना. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण गवताच्या गंजीत काडी टाकून आपण पुढे निघालो आहोत, हे तिला पुरतं ठाऊक होतं. देवापुढे ती हात जोडून उभी राहिली तेव्हा तिला मागायला काही सुचेना.

शेडमध्ये कुणी नकार दिला नाही, कुणी आवाज चढवला नाही. बायका नव्या यंत्रांपुढे शहाण्यासारख्या बसल्या आणि हात मांडीवर ठेवून राहिल्या. रेम्यानं पहिली बी कातरली, अख्खा गर काढला, तळहातावर धरून दाखवला. कुणी तिकडे बघितलं नाही. नबीसानं पानाचा डबा उघडला.

"छान आहे हो, मॅडम. चेची येऊ देत, मग बघू."

मंगळवारीही तेच झालं. रेम्यानं समजावलं, विनवलं, स्वतः दिवसभर यंत्रावर बसून बिया कातरल्या. बायका पान खात बसून राहिल्या. कंबर धरल्याचं निमित्त करून ओमना घरीच पडून होती, आणि कुंपणापलीकडून नबीसा तिला सगळी खबर पुरवत होती. ऐकताना तिच्या जिवाला कसा गारवा वाटायचा! संध्याकाळी रेम्या उतरल्या चेहऱ्यानं घरी आली की हीच तिच्यापुढे पेज ठेवायची आणि म्हणायची, "दमलीस हो. हळूहळू शिकतील." असला गोडवा माणसानं शत्रूलाही दाखवू नये.

बुधवारी दुपारी ओमना स्वयंपाकघरात खवणीवर नारळ खवत होती. बाहेर व्हरांड्यात नवराबायको भांडत होते.

"शनिवारी माल बंदरावर गेला नाही तर ही मागणी गेली, आणि पुढची कुणी देणार नाही," प्रसन्ननचा आवाज तापला होता. "बास झालं आता. ठेकेदाराशी बोललोय मी. उद्या बाहेरच्या बायका येतील. या सगळ्यांना घरी बसवतो. त्या नबीसाला आधी."

ओमनाचा हात खवणीवर थांबला. नबीसाला... ओमनाच्या आईच्या तिरडीला त्या बाईनं फुलं वाहिली होती. चेल्लम्मा, लिस्सी, या सगळ्यांच्या चुली आपल्या एका वाक्यानं विझणार?

"एकीलाही हात लावायचा नाही, चेट्टा," रेम्या नवऱ्याला म्हणत होती. "त्या चेचीच्या बायका आहेत."

"अगं, चेचीनंच पेटवलंय हे सगळं. कळत नाही तुला?"

"कळतं. तिच्या जागी मी असते तर मीही पेटवलं असतं." रेम्याचा आवाज भरून आला होता. "आपण यंत्रवाल्याला विचारलं, बँकेला विचारलं. जिच्या हातात ती बी होती तिला तेवढं विचारलं नाही. का, सांगू? मला चेचीचा मत्सर वाटतो. हसू नका. या घरात कालवणात मीठ किती, तेसुद्धा चेचीच्या जिभेनं ठरतं. दारातून आत आलात की तुमची पहिली हाक कुणाला असते? मी शेडमध्ये घसा कोरडा करते, आणि चेची नुसती खोकली तरी बायका वळून बघतात. वाटलं, एक तरी गोष्ट पहिल्यांदा माझ्या हातून व्हावी... म्हणून मी ती हिसकावून घेतली."

प्रसन्नन म्हणाला, "एवढा मत्सर होता तर हा सगळा खटाटोप केलास कुणासाठी?"

"आपल्या लग्नाचे फोटो काढून बघा एकदा. प्रत्येक फोटोत चेचीनं हात पदराखाली घेतलेत. एकातही बोटं दिसत नाहीत. भावाच्या लग्नात, चेट्टा, जिनं ते लग्न लावलं तिनं. तेव्हाच मी मनाशी धरलं होतं, की या शेडमधल्या कुणावर ती पाळी येऊ द्यायची नाही. आणि आता त्याच बायकांना हाकलू? त्यापेक्षा भट्टी पेटवा पुन्हा. मी शेडमध्ये पाऊल टाकणार नाही."

ओमना खवणीपाशी तशीच बसून राहिली. तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. भट्टी पेटणार होती, दगड तिचा होता, मान तिचा होता... आणि आता त्यातलं काहीच नको वाटत होतं. म्हणजे हिलासुद्धा! जिचा हेवा करून करून आपण रात्रंदिवस जळलो, ती आपलाच हेवा करत बसली होती, आणि तरी आपल्या बोटांसाठी झटत होती. आपण कुणासाठी काय केलं? तिच्या डोळ्यांतलं पाणी खवलेल्या नारळात पडत राहिलं. त्या दिवशीचं कालवण इतकं खारट झालं की कुणाला खाववेना.

गुरुवारी सकाळी तिनं कोपऱ्यातली हातोडी काढली आणि रेम्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

"चल."

"चेची, मी आता तिथं..."

"चल म्हणते ना. केस वाटेत बांध."

आपल्या चेचीला हातोडी घेऊन येताना बघून शेडमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या. नबीसानं लगबगीनं राखेची वाटी पुढे केली, आणि बघता बघता प्रत्येकीच्या पदरातून आपापली हातोडी बाहेर आली. इतके दिवस त्या हातोड्या घेऊनच बसल्या होत्या. ओमना आईच्या दगडापुढे बसली. भट्टीतली उरलेली एक बी तिनं ठेवली, एकच घाव घातला, आणि अख्खा गर तळहातावर धरून सगळ्यांना दाखवला. मग ती उठली. तो गर तिनं रेम्याच्या हातात ठेवला, हातोडी दगडावर आडवी ठेवली, आणि जाऊन नव्या यंत्रापुढच्या स्टुलावर बसली.

"शिकव मला," ती म्हणाली.

रेम्यानं भोवतीच्या बायकांकडे बघितलं. "चेची, नंतर... आपण दोघीच असताना..."

"नाही. या सगळ्यांसमोर शिकव. मला येत नाही."

चेचीच्या तोंडून 'येत नाही' हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. रेम्यानं तिला मोजे घातले, बी पात्यांत कशी धरायची ते दाखवलं. ओमनानं पाय दाबला. बी फुटली आणि आतल्या गराचे दोन तुकडे झाले.

सगळ्याजणी पुढे वाकून बघू लागल्या.

"अगं बाई," नबीसा म्हणाली, "चेचीनं तुकडा पाडला."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी शेड हसली. ओमनाच्या कानशिलांना चटका बसला. याच बायकांपुढे इतकी वर्षं तिच्या हातून कधी तुकडा पडला नव्हता. तिच्याजवळ दुसरी ऐट होती तरी कुठे? पण डोळे पुसता पुसता तीही हसू लागली.

"फार हसतेस ना? ये, बस इथं. तू अख्खा काढून दाखव."

नबीसा ठसक्यात येऊन बसली आणि तिच्या बीचा पार चुरा झाला. मग चेल्लम्मा पुढे आली, मग लिस्सी... दुपारपर्यंत प्रत्येक यंत्रावर बाई होती, आणि रेम्याला क्षणाची उसंत नव्हती. ठेकेदाराच्या बायका फाटकातूनच परत गेल्या. शनिवारी माल बंदरावर गेला.

त्या संध्याकाळी नळापाशी रेम्या ओमनाच्या बोटांना खोबरेल चोळत होती. काळेपणा काही निघत नव्हता, तरी ती चोळत होती.

"बुधवारी मी खवणीपाशी होते," ओमना म्हणाली. "सगळं ऐकलं."

रेम्याचे हात थांबले. तिनं मान खाली घातली आणि ती रडू लागली. "मला क्षमा करा, चेची."

"क्षमा कुणी कुणाला करायची? मी नबीसाजवळ काय बोलले ते तुला ठाऊक आहे, आणि तू ब्र काढला नाहीस. मलाही तुझा मत्सर होता, मोळे. आहे अजून... जाईल हळूहळू." इतक्या वर्षांत तिनं रेम्याला पहिल्यांदाच मोळे म्हटलं, लेकीला म्हणतात तसं. "सोमवारपासून पहिली बी तू फोड. या वेळी मी देतेय."

सोमवारी ओमना फाटकाशी आली आणि तिथंच थबकली. आत शेडमध्ये शांतता होती. ती शांतता तिच्या ओळखीची होती. बायका वाट बघत होत्या, तिचीच.

"चेची आल्या का?" आतून रेम्याचा आवाज आला.

ओमनानं ओ दिली नाही. तिनं फाटकाचा गज घट्ट धरला. एक पाऊल टाकलं असतं तर सगळं पुन्हा तिचं झालं असतं, आणि तिचं काळीज तेच एक पाऊल मागत होतं... ती हलली नाही. आत थोडी कुजबुज झाली. मग एक यंत्र खटकलं, क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि मग सगळी यंत्रं एकदम सुरू झाली. तिच्यावाचून.

तिनं पदरानं तोंड पुसलं, नळावर पाय धुतले आणि ती आत गेली. नबीसा सरकून बसली.

"उशीर झाला, चेची. मॅडम पगार कापतील."

"कापू दे," ओमना म्हणाली, आणि मोजे चढवून तिनं बियांची टोपली पुढ्यात ओढली.