गाठीच्या आतला हिरवा

एक बिस्किटांचा डबा. आत बिस्किटं नाहीत. बिल्ले आहेत, एक न वाजणारी शिट्टी आहे आणि जुन्या शर्टाचा एक तुकडा.

बसस्टँडवर एक काका केळं सोलतायत.

डावऱ्या डाव्या हाताने लिहितो, म्हणून वर्गात शेजारच्याचं कोपर रोज त्याच्या कोपरावर आपटतं.

एक इस्त्री. चांगलीच तापलेली.

खिडकीजवळच्या खुर्चीत आजोबा बसलेत. समोरच्या भिंतीवर एक खिळा आहे. नुसताच.

आणि...

"गाठ कुठाय?" डबी किंचाळली. "आजोबांच्या स्कार्फची गाठ कुठाय?"

स्काउट पथकाच्या खोलीत आवराआवर चालली होती. सुट्टीत भरलेलं पथकाच्या इतिहासाचं प्रदर्शन संपलं होतं आणि ज्याच्या त्याच्या वस्तू परत जात होत्या. त्यातल्या निम्म्या वस्तू डबीनेच घरोघरी फिरून, जुन्या स्काउटांना बोलतं करून मिळवल्या होत्या. बिस्किटांचा तो डबा तिचाच. त्यावरूनच तिचं नाव डबी पडलं. पण सगळ्यात जास्त विनवण्या कराव्या लागल्या त्या घरातल्याच स्कार्फसाठी.

"नेतेस तर ने," आजोबा म्हणाले होते, "पण गाठ सोडायची नाही हं."

स्काउटची एक रीत असते. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसभरात एखादं चांगलं काम हातून झालं की ती सोडायची. आजोबांच्या स्कार्फची गाठ मात्र त्यांच्या दोस्ताने मारलेली. तो गाव सोडून निघाला, त्या सकाळी. "परत आलो की मीच सोडीन," असं म्हणून गेला, तो आलाच नाही. मग तो स्कार्फ खिडकीसमोरच्या खिळ्यावर लटकत राहिला. वर्षानुवर्षं. गाठीसकट.

"मी आहे ना!" डबीने वचन दिलं होतं.

आणि आता प्रमुखसर मोठ्या अभिमानाने टेबलाकडे हात करत होते. "अगं, मळके स्कार्फ परत कसे द्यायचे लोकांना? सगळे धुऊन कडक इस्त्री करून आणले! एकाची गाठ तर सुटता सुटेना. सुई घालून सोडवली, बोटं दुखली माझी!"

डबी टेबलाकडे धावली. टेबलावर दोन हिरवे तिकोनी स्कार्फ होते. अगदी जुळे भाऊ.

"यातला आजोबांचा कुठला?" डावऱ्याने विचारलं. तो डबीच्या शेजारच्या घरात राहायचा आणि सुट्टीत फक्त झोपायला स्वतःच्या घरी जायचा.

"धुताना नावाच्या चिठ्ठ्या काढल्या ना. पण सगळे सारखेच तर आहेत! एक पथकाचा, एक तुझ्या आजोबांचा. तिसरा त्या स्कार्फ गोळा करणाऱ्या संग्राहक काकांचा होता, तो घेऊन ते मघाशीच बसस्टँडवर गेले."

"त्यांचा कुठला हे कसं कळलं?"

"वरचा दिला!" सर म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, कारण ते एकदम खोके उचलायला लागले.

"ताई," डबीच्या धाकट्या बहिणीने ओढणी धरली. ही सगळीकडे मागोमाग यायची, म्हणून शेपूट. "आता आजोबा रडणार?"

"गप गं!" डबी म्हणाली, पण तिचेच डोळे भरले होते.

डावऱ्याने विषय बदलावा म्हणून तिचा डबा उघडला. शर्टाचा तुकडा बाहेर काढला. "हा कसला कचरा जपतेस?"

"कचरा नाही, मठ्ठा! याच्यावर बिल्ला शिवलेला होता. बघ, सगळं कापड विटलंय, पण बिल्ल्याखालचं गोल अजून..."

ती थांबली.

"काय झालं?"

"गाठ! गाठीच्या आत ऊन पोचलंच नसणार!"

तिघांनी स्कार्फ खिडकीशी नेले. पहिला: टोकं फिकी, एकसारखी. नाही! दुसरा: टोकं फिकी, आणि मधोमध एक तपकिरी डाग, धुऊनही न गेलेला. नाही!

"म्हणजे आजोबांचा बसस्टँडवर!" डावऱ्या ओरडला.

"आणि आत्ता बसमध्ये चढला असेल!" शेपूट म्हणाली.

"सर, डागवाला घेऊन जातोय, पथकाच्या स्कार्फवर कधी डाग नव्हता!"

सायकली दोन, माणसं तीन. शेपूट डावऱ्याच्या मागे, पोटाशी स्कार्फ धरून. उतार, वळण, मध्येच आडवा आलेला हातगाडा.

"घंटी वाजव!"

"घंटी तुटलीय! तूच ओरड!"

"बा-जू-ला!" शेपटाचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

बसस्टँडवर संग्राहक काका केळं सोलत होते. पायाशी पुडकं.

"काका! तो स्कार्फ तुमचा नाही!"

"अरे वा, चोर म्हणतेस का मला?" काका हसले. पण पुडकं उघडताच त्यांचा चेहरा पडला. "माझा डाग कुठे गेला?"

"हा घ्या!" शेपटाने पोटाशी धरलेला स्कार्फ पुढे केला.

काकांनी डागावरून बोट फिरवलं. "शिबिरात मी केलेलं पहिलं सूप. कुणी प्यायलं नाही, निम्मं माझ्याच अंगावर. देशोदेशीचे स्कार्फ आहेत माझ्याकडे, पण यासारखा नाही."

डबीचं लक्ष पुडक्यातल्या स्कार्फकडे होतं. एका टोकाशी, फिक्या कापडावर, गडद हिरवे पट्टे होते. तिरके, वेडेवाकडे. तिने तो छातीशी धरला.

निघताना काकांनी डावा हात पुढे केला. स्काउट हस्तांदोलन डाव्यानेच करतात. डावऱ्याची कळी खुलली. "जगात एक तरी जागा आहे, जिथे माझा हात बरोबर!"

घरी डबीने स्कार्फ आजोबांसमोर धरला. आजोबांनी स्कार्फ मांडीवर घेतला. टोक चाचपलं. दुसरं टोक चाचपलं.

"सुटली," ते म्हणाले.

"आजोबा, मी वचन दिलं होतं..."

"तू थोडीच सोडलीस, बाळ." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर खिळ्याकडे होती.

एवढ्यात प्रमुखसर धापा टाकत आले. "चूक झाली, आजोबा. विचारायला हवं होतं. मी स्वच्छ करायला गेलो आणि..."

डबी त्या हिरव्या पट्ट्यांकडे टक लावून बघत होती. "थांबा! गडद ते आत, फिकं ते बाहेर. तशीच मारली तर तीच गाठ होईल ना?"

तिने टोक वळवलं, आतून घेतलं, ओढलं. गडद पट्टे बाहेरच राहिले. पुन्हा केलं. पुन्हा बाहेर!

"दे इकडे, तुला नाही जमत," डावऱ्या म्हणाला.

"तुला बरी जमते! तुझी गाठ नेहमी उलटी पडते!"

"म्हणून तर!"

त्याने डाव्या हाताने टोक फिरवलं, आतून घेतलं आणि हळूच आवळलं. एकेक पट्टा आत जात गेला. शेवटचाही गेला. बाहेर नुसता विटका हिरवा उरला, सगळीकडे सारखा.

आजोबांनी गाठीवरून अंगठा फिरवला.

"माझा दोस्त डावखुरा होता," आजोबा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "उजव्याने लिही म्हणून मास्तर हातावर छडी मारायचे. पण गाठी मात्र तो डाव्यानेच मारायचा, कुणी बघत नसलं की... हे मी विसरूनच गेलो होतो रे."

त्यांनी डावऱ्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"पुढच्या प्रदर्शनात एकाही वस्तूला हात लावायचा तर आधी या तिघांना विचारायचं," सर म्हणाले. "मीसुद्धा! इतकी बारीक नजर पथकात दुसऱ्या कुणाची नाही."

"मला पण विचारायचं?" शेपटाने खात्री करून घेतली.

"तुला आधी!"

डबीने स्कार्फ पुन्हा खिळ्यावर टांगला. आजोबांनी खुर्ची जराशी पुढे ओढली.

दोस्ताने गाठ मारली त्या सकाळी तो अख्खा स्कार्फ गडद हिरवा होता.