सातवा आवाज

त्या गुहेत शिरताना सगळ्यांना होडीत आडवं व्हावं लागतं. तोंड इतकं बुटकं की मान वर केली तर कपाळमोक्ष ठरलेला. भिंतीत ठोकलेली साखळी ओढत नावाडी होडी आत नेतो. त्या अंधारात त्याला मागचं काही दिसत नाही, म्हणून तिथे माणसं आवाजावर मोजतात. आत जाताना एकदा, निघताना एकदा.

मी एकोणीस वर्षांची होते, चिऊ आठ. माझी धाकटी बहीण. आई काठावरच थांबली. "तिचा हात सोडू नकोस," एवढंच म्हणाली.

होडीत आम्ही सात जण होतो. "जो जिवंत असेल त्याने आपला आकडा बोलायचा," नावाडी म्हणाला. सगळे हसले. एका लठ्ठ काकांना त्याने आधी झोपवलं, "नाहीतर गुहेला बूच बसेल." माझा आकडा सहा, चिऊचा सात. तिने तो नाकातून, लाजत म्हटला.

आत दालन होतं. उजेड पाण्याखालून यायचा, निळा. भिंतींवर तो हलायचा आणि सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायचे. चिऊ सारखी पाण्यात हात घालत होती. मी तिला रागावले. मग माझी वेणी सुटली, म्हणून दोन्ही हात वर घेतले. बस, तेवढाच वेळ.

"आडवे व्हा," नावाडी म्हणाला. होडीने गुहेचं तोंड अडवलं आणि अंधार झाला. मोजणी सुरू झाली. मी "सहा" म्हटलं. पुढे शांतता.

चिऊ रुसली असणार, असं मला वाटलं. नावाड्याने खेकसू नये म्हणून मी नाक दाबून, तिच्यासारखा बारीक आवाज काढून म्हटलं, "सात."

"भरले," तो म्हणाला आणि साखळी ओढू लागला.

बाहेर उन्हात माझ्या शेजारची फळी रिकामी होती. कोरडी.

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, निघताना पोरगी बोलली, आम्ही ऐकलं. म्हणजे ती बाहेर येताना पडली. तीन दिवस बाहेरचा समुद्र शोधला. गुहेत कोणी गेलं नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी गप्प राहिले. आई गेली तेव्हाही मी गप्पच होते.

पुढे दरवर्षी मी त्या होडीत बसत आले. तिची हाक येईल, निदान केसांची रिबीन तरी सापडेल, म्हणून. सत्तावन्न वर्षांत पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकलं नाही. तिचा खरा आवाजही आता आठवत नाही. आठवतो तो मी काढलेला.

या वर्षी लेक बरोबर आली. "आई, या वयात कसला गं हा हट्ट?" नावाडीही आता त्या नावाड्याचा मुलगा, त्यालाही टक्कल पडलेलं. "आजी, तुम्हाला आता अर्ध्या तिकिटात नेतो," म्हणाला. आम्ही सात जण होतो. मी मुद्दाम शेवटी बसले, चिऊच्या जागी.

निळ्या दालनात मी पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं.

मग अंधार. आम्ही आडवे झालो. लेकीने "सहा" म्हटलं.

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच कोणीतरी म्हटलं.

"सात."

तो आवाज माझा होता. घोगरा, शेवटी दम लागलेला. पण जरा जास्तच घोगरा. लहान मुलं म्हातारीची नक्कल करतात तसा.

"भरले," नावाडी म्हणाला.

साखळी खुळखुळली. माझ्या पाठीखालची फळी सरकत गेली. मला ओरडता येईना.

तोंडाशी उजेडाची फट दिसली. त्यात होडी लहान होत गेली. लेकीचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"आई, पाय भिजले का गं?"

"नाही गं," माझ्या आवाजात उत्तर गेलं.

पाण्याखालून एक लहान हात माझ्या हातात आला.

तो मी अजून सोडलेला नाही.