पाणंदीच्या तोंडावरची घंटी

मागच्या जानेवारीतला शनिवार. संध्याकाळचे साडेसात. वालूरकडून सेलूकडे येणारी पाणंद, दोन्ही बाजूंना बाभळी, चंद्र नाही.

शिवरुद्रमामा ही गोष्ट गच्चीवर दिवा मालवून पोरांना सांगतात. त्यांच्या सख्ख्या भाच्याची, रुद्रेशची. खोटी वाटली तर सकाळी त्याच्या दुकानात जाऊन विचारा, म्हणतात.

रुद्रेश शनिवार-रविवारी नवख्या लोकांना शेतवाटांवर सायकली चालवायला शिकवायचा. त्याची एक पद्धत होती. आपण सगळ्यांत पुढे, त्याचा मित्र मंगेश सगळ्यांत मागे, आणि मंगेशच्या हँडलला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. घंटी वाजतेय तोवर मागे सगळं ठीक. वळून बघायचं कारण नाही.

"मला बैल केलास," मंगेश निघतानाच म्हणाला, "आता आंबोण बी घाल."

"तू नुसता वाजत ऱ्हा."

बाकीच्यांना रुद्रेशने पुढे धाडलं, ते उजेडातच सेलूला पोचले. प्रियंका मागे पडली. पहिल्यांदाच डांबर सोडून सायकल चालवत होती ती. अंधाराच्या आत घरी आणतो, असा शब्द रुद्रेशने तिच्या आईला दिला होता. तो शब्द तर मोडलाच होता. आता निदान धड पोचवायचं होतं.

पुढे रुद्रेश, मध्ये प्रियंका, मागे घंटी.

"मंगेश, ये की लवकर," तो ओरडला.

उत्तर नाही. घंटी मात्र वाजत होती. सावकाश. बैल चालतो तशी.

पाणंद जिथे डांबरी रस्त्याला लागते तिथे उतार आहे. मागचं वर्षभर रुद्रेश तिथे जपून जायचा. वालूरची सरजाबाई तिथेच गेली होती. उसाच्या ट्रॉलीने तिची बैलगाडी उडवली. ती गेली, बैलही गेला. आज मात्र प्रियंका उतारावर त्याच्या पुढे निघाली. सायकल तिला आवरेना.

"रुद्रेशदादा..."

"ब्रेक दाब. हळूच."

"दादा, घंटी... पुढं वाजायलीय."

खरंच पुढे. पाणंदीच्या तोंडावर. अगदी मधोमध.

दचकून तिने दोन्ही ब्रेक आवळले. आडवी पडली. रुद्रेशने तिला धरलं.

घंटी थांबली.

मग समोरून काहीतरी गेलं. काळं. उंच. दिवा नाही. उसाचं पाचट प्रियंकाच्या गालाला घासून गेलं. एक ट्रॉली... तिला जोडलेली दुसरी...

मग काहीच नाही.

कितीतरी वेळाने रुद्रेशने मंगेशला फोन लावला.

"अरे, टायर गेलं. कवाचा बोंबलायलोय, तुमी ऐकनाच. चालतच यायलोय."

"आणि घंटी?"

"बॅगेत हाय. टॉवेलात गुंडाळून. लय डोकं उठलं होतं रे तिनं."

रुद्रेशने फोन ठेवला आणि प्रियंकाला घरी पोचवलं.

सकाळी रुद्रेश आणि मंगेश तिथे परत गेले. बाभळीच्या फांदीला घंटी लटकत होती. मंगेशची नव्हे. ती बॅगेतच होती. ही जुनी, झिजलेली, आतून ओल्या काळ्या मातीने भरलेली.

घंटी घेऊन ते वालूरला सरजाबाईच्या घरी गेले. घरातली सगळी ऊसतोडीला गेलेली. मागे फक्त तिची सासू दगडाबाई आणि नातवंडं. म्हातारीने घंटीवरून बोट फिरवलं.

"आमच्या बैलाची हाय."

"मंग ठिवा, आजी."

"कशी ठिवू, बाबा? त्याच्या गळ्यातच ऱ्हाऊ दिली व्हती. त्याच्यासंगट पुरली. मी सोता माती लोटली."

ती घंटी आजही रुद्रेशच्या दुकानात आहे. ती वर कशी आली, हे मामा सांगत नाहीत. त्यांचा राग वेगळाच आहे. सरजाबाईच्या मरणाचा गुन्हा अज्ञात वाहनावर नोंदला गेला. उसाने भरलेली ट्रॉली अज्ञात कशी असेल? ती कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकातून आत गेली असणार. काट्यावर तिचं वजन झालं असणार. कुणीतरी तिच्याकडे बघून हात केला असणार.

ती ट्रॉली कुणाची होती, हे अजून कुणीच सांगितलेलं नाही.