उशिराचा दाखला

“विमान उशिरा सुटलं म्हणे! तसं लिहून आण त्या विमानवाल्यांकडून, मग पाय ठेव या घरात,” असं ताई धाकट्या भावाला दारातच बोलली, तेव्हा आईला स्मशानात नेऊन चार तास झाले होते. सात वर्षं आईच्या उशाशी हिनं काढायची, ठरलेलं लग्न हिनं मोडायचं, आणि शेवटच्या दिवशी आईच्या ओठांवर नाव मात्र त्याचं... ताईचं अंतःकरण होरपळून गेलं होतं. तो आला तसा मागे फिरला.

त्याला चार वर्षं झाली. पुढे ताईला नोकरी लागली तीही विमान कंपनीच्या तक्रार विभागात. दैवाला कुणाची थट्टा कधी करावी याचं भान नसतं. भाऊ कुठल्या कंपनीच्या विमानानं आला, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. दिवसाला साठ अर्ज. पक्षपात नको म्हणून नावं झाकलेली, नुसते क्रमांक. मान मोडेपर्यंत ती ठरलेलं उत्तर धाडायची: बिघाड आमच्या हाताबाहेरचा होता, सबब अर्ज निकाली. आधी जीव हळहळायचा, मग तेही होईना.

एका दुपारी आलेल्या अर्जात भरपाईचा रकाना कोरा होता.

“मला पैसे नकोत. विमान नऊ तास उशिरा सुटलं, एवढं शिक्क्यानिशी लिहून द्या. त्या नऊ तासांत माझी आई गेली. ताईला ते खरं वाटत नाही. तिचं चुकलं असंही नाही, आईचं सगळं तिनंच केलं. हा माझा तिसरा अर्ज आहे.”

ताईनं तारीख पाहिली. आई गेली तोच दिवस. तिनं आधीचे दोन्ही अर्ज शोधून काढले. दोन्हींवर तेच ठरलेलं उत्तर, आणि खाली सही तिचीच.

ती साहेबांसमोर उभी राहिली. “हा माझ्या भावाचा अर्ज आहे. नात्यातला, म्हणून तुम्हीच बघा.”

साहेबांनी नोंदी तपासल्या. “नऊ तास बारा मिनिटं. बाई, साधा दाखला तर मागतोय. आधीच का नाही दिलात?”

“शेवटपर्यंत वाचलंच नाही, साहेब.”

संध्याकाळी तिनं भावाचं दार वाजवलं आणि शिक्क्याचा कागद त्याच्या हातात दिला. तो उभ्या उभ्या वाचत राहिला.

“हे तुलाच दाखवायचं होतं, ताई.”

“पाहिलं रे. तुझ्या अर्जाला दोनदा नकार आला, तोही माझाच.” ती उंबऱ्यातच खाली बसली. “अजून एक सांगायचंय. आई सारखी विचारत होती, आला का म्हणून. शेवटी मी खोटं बोलले... म्हटलं, आलाय, दारात चपला काढतोय. तेवढं ऐकून तिनं डोळे मिटले. तिच्याशी शेवटचं बोलले ते खोटं, आणि तेही तुझ्यापायी. त्याचाच राग होता मला.”

भाऊ तिच्याशेजारी बसला.

“म्हणजे मी आलो असं समजूनच गेली ती,” तो म्हणाला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा आईसाठी रडला.