तांडेलाची रजा

"माझा नवरा फितूर नाही," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली.

नवरा कस्टमच्या गस्ती बोटीचा तांडेल. समुद्रातून येणारी चोरटी दारू अडवायला शेजारच्या देशाशी करार झाला होता. त्यांचा अधिकारी यायचा, दोन्हीकडचे मिळून धाड घालायचे आणि हात हलवत परत यायचे. एकदाच माल सापडला, तेव्हा नेमका तांडेल रजेवर. मग त्याला निलंबित केलं, तर परवा पुन्हा माल सापडला. उद्या चौकशी होती. नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंगही.

"रजा कशाला घेतली होती?" वहिनींनी विचारलं. खाजगी तपासाचा धंदा त्यांचा. दीर म्हणून भाऊजी त्यांची पिशवी सांभाळत.

"सासूबाईंचा डोळा दाखवायला. मीच नेणार होते, पण कचेरीतून तातडीचं शिवण आलं आणि मशीनवरून उठता येईना."

भाऊजींना प्रकरण सरळ वाटलं. नवरा नसला की माल सापडतो, यात शोधायचं काय डोंबल!

कस्टमचे साहेबही तेच म्हणाले. "दोनदा तो नव्हता, दोनदा माल मिळाला. आणखी काय पुरावा हवा, बाई?"

शिपायाने त्यांना गच्चीवर नेलं. समोर अख्खी खाडी, तीत होड्याच होड्या. "पाहुणे आले की त्यांचाही झेंडा चढवायचा, करारातच आहे," तो कुरकुरला. "दोरी ओढून खांदे गेले माझे. एकदा फाटला, तांडेलाच्या बायकोकडे शिवायला टाकला, तेवढी सुट्टी. आणि परवा साहेब म्हणाले, वारा फार आहे, राहू दे."

शेजारचा अधिकारी विश्रामगृहात भेटला. माणूस गोड. "मला बोट लागते हो. पण परवा वाऱ्याची झुळूक नव्हती. पहिल्यांदाच बोटीवर पोटभर जेवलो!"

संध्याकाळी वहिनींनी दोन्ही अधिकाऱ्यांना साहेबांच्या खोलीत बसवलं.

"फितूर कोणीच नाही. पाहुण्यांचा झेंडा वर गेला की खाडीतल्या प्रत्येक होडीला कळतं, आज धाड आहे. रजेच्या दिवशी झेंडा तांडेलाच्या बायकोच्या मशीनवर होता, म्हणून माल सापडला. साहेब, तुम्ही हे तेव्हाच ओळखलंत. आधी तांडेलाला घरी बसवलंत, मग नसलेल्या वाऱ्याचं निमित्त करून झेंडा खाली ठेवलात. झाला पुरावा तयार!"

भाऊजींना साहेबांची किळस आली. साहेब मात्र शांत होते.

"दोन मंत्र्यांनी त्याच झेंड्यांखाली हात मिळवलेत, बाई. तुमच्या झेंड्याच्या मानापायी दारू सुटते, असं शेजाऱ्यांना सांगू? करार मोडेल, माझी खुर्ची जाईल. एका तांडेलावर भागतंय."

वहिनी पाहुण्याकडे वळल्या. "तुम्ही उद्या खरं सांगाल ना? वारा नव्हता म्हणून?"

पाहुण्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. "आमच्या सरकारला वाईट वाटेल. मला वाटतं, थोडा वारा होता."

"बराच होता," साहेब म्हणाले.

दोन देशांचं सहकार्य भाऊजींनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

खाली जिन्याशी ती उभी होती. वहिनींच्या आधी भाऊजीच पुढे झाले. "तुमचा नवरा निर्दोष आहे. वहिनींनी सिद्ध केलं."

"ते मला माहीतच होतं," ती म्हणाली. "सुटला का?"